रेघेच्या आत आक्का

आक्का,

तुझ्या शोकसभेत तुझ्याविषयी इतकं गोड बोललं गेलं, की सभा नक्की कुणाची आहे हे मला बराच वेळ कळेना. भाऊ म्हणून मला पहिल्या रांगेत बसवलं होतं. समोर हार घातलेला तुझा फोटो. सदलग्यात कुणाच्यातरी लग्नात तुला बळजबरीनं भरजरी साडी नेसवली होती, तेव्हाचा. चेहऱ्यावर भाव असा, की चप्पल चावते आहे पण पाहुण्यांदेखत काढता येत नाही. तुझे हसतानाचे फोटो माझ्याकडं होते. मी दिलेही होते. पण त्यात तुझ्या हाताला रंग लागलेला, आणि एकात तर नाकालाही. ‘सभेला शोभंल असा द्या सर,’ म्हणून ते परत आले.

मग कला मंडळाचे अध्यक्ष बोलायला उठले. या गृहस्थांचा धंदा फरश्यांचा, आणि आवड कलेची. शोकसभेत ते एकच भाषण करतात, माणूस तेवढा बदलतात. ‘आक्कांनी चिमुकल्या कळ्यांना सर्जनशीलतेचं पाणी घातलं,’ ते म्हणाले. सवयीनं मी शेजारी पाहिलं. अशा वाक्याला तू माझ्या दंडाला चिमटा काढायचीस. शेजारी एक पुढारी होते. त्यांनी मला नमस्कार केला.

‘पोरं कळ्या असती तर एका जागी गप बसली नसती व्हय रं?’ असं तू एकदा म्हणाली होतीस. ‘माकडं हाईत ती. आणि माकडांचा फायदा काय, तर ती सगळीकडं हात घालून बघत्यात.’ तुझ्या साऱ्या शिक्षणशास्त्राचा सारांश एवढाच होता. तो त्या सभेत कुणी सांगितला नाही. तू किती मोठी होतीस हे सगळ्यांनी सांगितलं. तू काय करत होतीस, हे एकानंही नाही.

तू जाऊन अजून चार महिने व्हायचे आहेत. एवढ्यात तुझा पुतळा करूनही झाला आहे. दगडाचा नव्हे, त्याहून वाईट. पण ते पुढं सांगतो. आधी मला ते आठवू दे जे ते लोक पुसायला निघालेत.

माझी बायको गेली, त्यानंतर तू निपाणीची खोली सोडून इथं बेळगावला टिळकवाडीत माझ्याकडं राहायला आलीस. एक ट्रंक, कागदाची एक सुरळी, आणि सांत्वनाचा एकही शब्द नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी अंगणात उभी राहून तू विचारलंस, ‘ह्या गॅरेजात काय हाय?’

‘रद्दी.’

‘मोटार?’

‘नाही.’

‘मग बांधलास कशाला?’

‘सगळ्यांनी बांधलं म्हणून.’

‘बरं झालं मोटार घेतली न्हाईस ते,’ असं म्हणून तू पदर खोचलास. संध्याकाळपर्यंत माझी जुनी मासिकं जिन्याखाली आणि गॅरेजात सतरंजी.

निपाणीच्या शाळेत तू चित्रकला शिकवत होतीस असं म्हणायची पद्धत आहे. खरं म्हणजे तुला तिथं शिकवू कुणी दिलं? चित्रकलेचा तास म्हणजे गणिताच्या मास्तरांची हक्काची उसनवारी. पोर्शन राहिला की तो तास त्यांचा. तू लागायचीस ती स्नेहसंमेलनाला. फळ्यावर रंगीत खडूनं पाहुण्यांचं नाव, भोवती वेलबुट्टी, दारात रांगोळी. पाहुणे येत, वेलबुट्टीकडं पाठ करून बसत, आणि बालकांच्या सुप्त गुणांवर बोलत. ‘माझी निम्मी नोकरी जाडी अक्षरं रंगवण्यात गेली रं,’ तू सांगायचीस, आणि हसायचीस. मला त्या हसण्याचा राग यायचा. अजून येतो.

वर्ग सुरू झाला तेव्हा गल्लीतल्या पेंटरनं फुकट पाटी करून देतो म्हटलं. तू विचारलंस, ‘कुठल्या भाषेत लिहिणार?’ आपल्या बेळगावात पाटी लावत नाहीत, भूमिका घेतात. वर कुठली भाषा, खाली कुठली, कुणाचं अक्षर किती मोठं, आणि मग कोण कधी काळं फासायला येणार. ‘ऱ्हाऊ दे,’ तू म्हणालीस. ‘ज्याला यायचं तो रंगाच्या वासावर येतोय.’ आणि आली पोरं. वकिलांची, प्राध्यापकांची, मच्छेच्या कारखान्यांतल्या कामगारांची. मराठी शाळेतली, कन्नड शाळेतली, आणि इंग्रजी शाळेतली, ज्यांना दोन्ही भाषा धड येत नव्हत्या. पाटी नव्हती, त्यामुळं त्या गॅरेजातून पाटीवरून भांडण कधी झालं नाही. या गावात अशा जागा किती उरल्यात?

पिशवीचा तास आठवतो. आपल्या आईच्या जुन्या लुगड्याची तू एक पिशवी शिवली होतीस. तिच्यात तू काहीतरी घालायचीस, आणि पोरांनी न बघता आत हात घालून, हाताला जे दिसलं ते कागदावर काढायचं. एकदा तू ओली सुंभाची दोरी गुंडाळून ठेवलीस. कन्नड शाळेतल्या एका पोरानं हात घातला आणि ‘हावु! हावु!’ म्हणून किंचाळत उडाला. कन्नडात सापाला काय म्हणतात हे तोपर्यंत माहीत नसलेली मराठी पोरंसुद्धा त्याच्या मागोमाग अंगणात. एवढं जलद भाषाशिक्षण मी माझ्या उभ्या नोकरीत पाहिलं नाही. मग तू सगळ्यांना परत बसवलंस आणि म्हणालीस, ‘आता भ्या काढा. साप न्हाय काढायचा. भ्या कसं दिसतंय ते काढा.’ त्या दिवसाची चित्रं मी बघितली. त्यात एकही साप नव्हता, आणि एकही चित्र दुसऱ्यासारखं नव्हतं.

आणि ते तंबाखूचं प्रकरण. तू निपाणीहून येताना एक वाळलेलं पान घेऊन आलीस आणि पिशवीत टाकलंस. आख्खा वर्ग शिंकत घरी गेला. संध्याकाळी एक वकीलसाहेब दारात.

‘आक्का, तुम्ही आमच्या चिरंजीवाला तंबाखू दिली म्हणे?’

‘दिली न्हाय. हात लावाय लावला.’

‘पण का?’

‘ह्या भागातली निम्मी घरं त्या पानावर उभी ऱ्हायल्यात साहेब. पोराला ते पान कसं असतंय ते ठावं नको? तुमच्या चिरंजीवानं काय काढलंय बघितला का?’

वकीलसाहेबांनी कागद पाहिला. चिरंजीवानं एक म्हातारा हात काढला होता, शिरा वर आलेला. पानाच्या शिरा आणि हाताच्या शिरा त्याला एकच वाटल्या होत्या. वकीलसाहेबांनी स्वतःचा हात उलटा करून बघितला. मग म्हणाले, ‘चांगलं आहे. पण यात मार्क किती?’

तू त्यांना चहा दिलास. मी असतो तर दिला नसता.

त्या वकिलांना हसायचं कारण नाही म्हणा. ते प्रामाणिक होते. शोकसभेत सर्जनशीलतेचा झरा वगैरे म्हणणाऱ्या कितीतरी पालकांनी तुला हाच प्रश्न वेगळ्या शब्दांत विचारलेला मी ऐकलाय. ‘आक्का, ह्याचं पुढं काय?’ ‘आक्का, सर्टिफिकेट मिळंल काय?’ ‘आक्का, तिला जरा निसर्गचित्र पक्कं करून द्या की.’

निसर्गचित्र. दोन डोंगर, मध्ये अर्धा सूर्य, त्यातून निघालेली नदी, काठावर घर, घराशेजारी वाकडा नारळ. तुझ्याकडं नवं पोर आलं की पहिल्या दिवशी ते हे चित्र काढून दाखवायचं. जसं काय जन्मताना ते मुठीत घेऊन आलंय. मच्छेची श्रावणी आली तेव्हा तिनंही तेच काढलं. मी दारात पेपर वाचत बसलो होतो. तुमचं बोलणं मला शब्दाशब्दानं आठवतं.

‘कुठलं गाव हे, श्रावणी?’

‘माहीत न्हाय.’

‘आत कोण ऱ्हातंय?’

‘कोणच न्हाय.’

‘मग दार कशाला ठेवलीस गं?’

पोरगी विचारात पडली. मला वाटलं आता रडणार. तर म्हणाली, ‘एक बाई हाय आत. तिला डोंगराचा कंटाळा आलाय.’

‘येणारच की,’ तू म्हणालीस. ‘रोज तेच दोन डोंगर. मग ती काय करत्या?’

त्या दिवशी श्रावणीनं डोंगराकडं पाठ करून बसलेली बाई काढली. बाईनं काय बघायचं हे तिला ठरवता येईना, म्हणून कागदाची उजवी बाजू तिनं कोरी ठेवली. ‘पुढच्या रविवारी सांगतो,’ म्हणाली. तू ‘लवकर काढ’ असं म्हणाली नाहीस. वाट बघितलीस. पुढच्या रविवारी तिनं तिथं कारखान्याचा भोंगा काढला. भोंगा म्हणजे वस्तू नव्हे, आवाज. तपकिरी रंगाचा, सगळ्या घरांवरून पसरत गेलेला. तिचे वडील मच्छेत शिफ्टवर जात, त्या घरात सगळं त्या आवाजावर चालायचं. जेवण, झोप, भांडणं. मी तीस-पस्तीस वर्षं कवितेतल्या प्रतिमांवर पोरांना नोट्स दिल्या. तू विचारलंस, ‘आवाज तपकिरी कसा गं?’ तर ती म्हणाली, ‘काळा असता तर भ्या वाटलं असतं. भ्या न्हाय वाटत. नुसता कंटाळा येतोय.’

मी पेपर खाली ठेवला होता.

आपलं जैनांचं जेवण दिवस मावळायच्या आत. त्यामुळं आपली भांडणंही उजेडातच झाली. आणि भांडण एकच. मी म्हणायचो, आक्का, या वर्गाला काहीतरी आकार दे. एखादी हाताखालची बाई तयार कर. काय करतेस ते लिहून ठेव. तुझ्या मागं यातलं काय उरणार?

‘तुझ्या मागं काय उरणार? पुस्तकं? ती वाळवी खाईल. माझ्या मागं पोरं ऱ्हातील.’

‘पोरं मोठी होतात आक्का. बँकेत लागतात.’

‘लागू देत की. बँकेत बसून बघाय बंदी हाय व्हय?’

‘बघून काय करणार?’

‘हेच,’ तू भाकरीचा तुकडा माझ्यावर रोखून म्हणायचीस. ‘हेच तुझं चुकतंय, प्रोफेसर. तुला सगळ्याचं काहीतरी कराय पाहिजे. आधी बघाय तर येऊ दे.’

माझं म्हणणं असं होतं की बघायला शिकवून भागत नाही. जग इस्त्री घेऊन बसलंय. या पोरांवरून ती एकदा फिरली, की तुझा तपकिरी भोंगा आणि ती कंटाळलेली बाई सपाट होणार. तुझं म्हणणं, जे एकदा दिसलं ते दिसायचं थांबत नाही. ‘थांबतं,’ मी म्हणायचो. ‘माझं थांबलं.’ त्यावर तू माझ्या ताटात आणखी एक भाकरी टाकायचीस. तू आजारी पडायच्या आधीच्या संध्याकाळीही आपण इथवरच आलो होतो. भांडी उचलत तू म्हणालीस, ‘उद्या बोलतो तुझ्याशी.’ मग दवाखाना. तिथं तोंडावर मास्क. वाद माझ्या बाजूनं संपला असं मी समजू काय? वाद जिंकायची ही काय रीत झाली?

एक गोष्ट मात्र तू ऐकायला नसताना सांगतो, कारण तू ऐकायला असताना सांगितली असती तर तू ती वर्गात सगळ्यांना सांगितली असतीस. बायको गेल्यावर मी वाचणं सोडलं होतं. पुस्तक उघडायचो, ओळीवरून नजर जायची, आत काही जायचं नाही. एका रविवारी तू मला गॅरेजात ओढून नेलंस आणि म्हणालीस, ‘घाल हात पिशवीत.’ पोरं भोवती. मी हात घातला. काहीतरी गार, गुळगुळीत, एका बाजूनं तुटलेलं. मी काढलेलं चित्र बघून ती कार्टी इतकी हसली की एकाला उचकी लागली. ‘सरांनी बटाटा काढलाय!’ पिशवीत आमच्या घरातला चहाचा कप होता, कान तुटलेला. बायकोचा. तुला ते माहीत होतं. तू पिशवी काढून घेतलीस आणि काहीच न झाल्यासारखी दुसऱ्या पोराकडं वळलीस. त्या दिवशी दुपारी मी एक आख्खा लेख वाचून काढला. वाईट होता. पण तो वाईट आहे हे मला कळलं, म्हणजे आत गेला होता.

याबद्दल तुझे आभार. आता उरलेला राग.

राग तुझ्यावर आहे. तू कुणालाही तयार केलं नाहीस. वर्गाला नाव दिलं नाहीस, तर आता दुसऱ्यांनी दिलं. दार उघडं ठेवून गेलीस. उघड्या दारानं कोण आत येतं हे तुला माहीत नव्हतं अशातली गोष्ट नाही. मंडळाची चित्रकला स्पर्धा दरवर्षी असते. अध्यक्ष दरवर्षी तुला पोरं पाठवा म्हणायचे, आणि तू दरवर्षी एकच सांगायचीस, ‘शर्यत बैलांची लावा अध्यक्ष. पोरांची कशाला?’ ते हसायचे. ते विसरत मात्र नव्हते.

यंदा ती स्पर्धा तुझ्या स्मरणार्थ झाली. रंगभरण स्पर्धा. आणि रंग कशात भरायचे? तुझ्यात.

हो, आक्का. शोकसभेतल्या त्या फोटोवरून कुणीतरी कॉम्प्युटरवर तुझ्या चेहऱ्याची नुसती बाह्यरेघ काढली आणि तिच्या प्रती छापल्या. वर तुझं नाव, दोन्ही भाषांत, अक्षरं अगदी तोलून. खाली मंडळाचं. मध्ये तू, पोकळ. जन्मभर तू छापील चित्रात रंग भरायच्या वह्यांना ‘पोरांचे कोंडवाडे’ म्हणत आलीस. तुझ्या नावानं केलेला पहिला कोंडवाडा तुझ्याच तोंडाचा निघाला. हे त्यांनी तुझा सूड घ्यायला केलं असतं तर मला थोडा आदर वाटला असता. त्यांनी ते प्रेमानं केलं.

मी प्रमुख पाहुणा होतो. गेलो. तो कागद हातात घेऊन मी अध्यक्षांना विचारलं, ‘चष्मा कुठं गेला?’

‘काढला सर. काचंत रंग भरताना पोरांचा घोळ होतोय.’

‘आणि सुरकुत्या?’

‘त्याबी काढल्या. मुलांना अडचण होते. आक्का प्रसन्न दिसाय पाहिजेत.’

‘त्या कधी प्रसन्न दिसायच्या ते मी फोटो देऊन सांगितलं होतं.’

‘त्यात रंग लागलेला सर,’ अध्यक्ष समजुतीच्या स्वरात म्हणाले. चित्रकलेच्या बाईच्या तोंडाला रंग लागणं हे त्यांना खरोखरच विसंगत वाटत होतं.

नियम माईकवरून सांगितले. रेघेबाहेर रंग गेला तर मार्क कापले जातील. पार्श्वभूमी एकाच रंगात. बोलू नये. शेजाऱ्याचं बघू नये. पोरं ओळीनं बसली. तुझ्या वर्गातली जवळजवळ सगळी होती. मी मागच्या खुर्चीवर बसून वाट बघत राहिलो. कशाची, ते सांगायला लाज वाटते. मला वाटलं, यांच्यातलं एखादं तरी कागद उलटा करेल. एखादं तुला चष्मा लावेल. नाकाला रंग लावेल. चार नियमांतला एक तरी मोडेल. आयुष्यभर मी अशा गोष्टींवर विश्वास ठेवणाऱ्यांची टिंगल केली, आणि त्या हॉलमध्ये पंख्याखाली बसून मी तेच मागत होतो.

कुणी काही मोडलं नाही. पोरांनी माना खाली घातल्या आणि रंग भरले. आणि आक्का, तुझी पोरं सगळ्यांत सुबक भरत होती. हात तूच तयार केलेले. रेघ कुठं संपते हे त्यांना तूच दाखवलेलं. पहिलं बक्षीस श्रावणीला मिळालं. तिच्या कागदावर तू गुलाबी होतीस. एकसारखी, नितळ, गुलाबी. आपल्या घरात सगळ्यांत सावळी म्हणून आजी तुला ‘माझी कढई’ म्हणायची. ती तू, कॅलेंडरवरच्या देवीसारखी.

करंडक माझ्याच हस्ते होता. दिला. फोटो झाल्यावर मी तिला बाजूला घेतलं.

‘आक्का अशा गोऱ्या होत्या का गं?’

‘न्हवत्या.’

‘मग?’

‘पेटीवर तसंच लिहिलंय सर. अंगाचा रंग म्हणून.’

‘आणि चष्मा?’

‘रेघच न्हवती त्याची.’

‘तू काढायचीस ना.’

तिनं माझ्याकडं असं बघितलं, जसं म्हाताऱ्या माणसांना रस्ता ओलांडताना बघतात. ‘सर,’ ती हळूच म्हणाली, ‘हे चित्र न्हाय. ही स्पर्धा हाय.’

मग तिची आई आली. तिनं करंडक पदरानं पुसला आणि मला म्हणाली, ‘सर, आक्कांचेच उपकार हाईत सगळे. पण बघा, एवढी वर्षं त्यांनी पोरीला एकदाबी बक्षीस मिळू दिलं न्हाय.’ तिच्या आवाजात कडवटपणा नव्हता. तिला खरंच वाईट वाटत होतं, तुझ्यासाठी.

दोन दिवसांनी अध्यक्ष घरी आले. सोबत दोघं-तिघं पालक. ठराव तयारच होता. तुझ्या नावानं बालकला अकादमी. अभ्यासक्रम, परीक्षा, वर्षातून दोन स्पर्धा, पोरांना तुझं चित्र छापलेले टी-शर्ट. ‘आक्कांचं गॅरेज पवित्र जागा हाय सर. तिथंच चालू करू. तुम्ही किल्ली द्या, बाकी मंडळ बघतंय.’

मी नाही म्हणणार होतो. तोंडापर्यंत आलं होतं. मग त्या पालकांतला एक म्हणाला, ‘नाही तर पोरांनी रविवारी जायचं कुठं सर?’ मला साधा बटाटासुद्धा काढता येत नाही. काढला तो चुकून. मी ते गॅरेज तुझ्या नावानं राखून ठेवलं तर काय होणार? तुझं नाव स्वच्छ राहणार आणि पोरं रस्त्यावर. तू काय म्हणाली असतीस हे मला ऐकू आलं. ‘नाव घाल चुलीत. पोरास्नी बसाय जागा दे.’

म्हणून मी म्हणालो, घ्या. गॅरेज घ्या, भाडं नको, कायमचं घ्या. दोन अटी. तिथं छापील कागदात रंग भरायचा नाही, आणि आक्काचं नाव कुठंही लावायचं नाही.

अध्यक्ष थोडा वेळ फरशीकडं बघत बसले. धंद्याची सवय. मग म्हणाले, ‘सर, गॅरेज आम्हाला कशाला पाहिजे? मंडळाचा हॉल हाय की. पंखे हाईत, पार्किंग हाय. आम्हाला नावच पाहिजे होतं.’

इतकं खरं वाक्य त्यांच्या तोंडून मी प्रथमच ऐकलं. त्यांनी ते उद्धटपणानं म्हटलं नाही. चहा घेतला. जाताना तुझ्या फोटोला हात जोडले. नाव काही माझ्या खिशात नव्हतं. ते घेऊन गेले. अकादमी त्यांच्या हॉलमध्ये सुरू झाली. कोनशिलेवर कुठली भाषा वर, यावरून दोन्ही भाषांचे लोक आले, समाधान करून घेऊन गेले. गॅरेज तेवढं माझ्याकडं राहिलं. त्यांना नको असलेली तुझी सगळी वस्तुस्थिती माझ्या वाट्याला आली, सतरंजीसकट.

मी दार बंद केलं नाही. गेल्या रविवारी सकाळी उघडून, झाडून, खुर्ची टाकून बसलो. काय करणार होतो ते मला माहीत नव्हतं. कुणी आलं तर बसा म्हटलं असतं. कुणी आलं नाही. त्यांचा वर्ग त्याच वेळेला असतो.

थोड्या वेळानं श्रावणीची आई स्कूटरवरून आली. थांबायला नव्हे, रस्ता इकडून आहे. कोपऱ्यावर पाण्याचा टँकर मागं घेत होते, म्हणून फाटकासमोर तिला थांबावं लागलं. मला बघून ती ओशाळली. ‘उशीर झालाय सर,’ म्हणाली. मागं श्रावणी, अंगात पांढरा टी-शर्ट, पाठीवर तू. बिनचष्म्याची, बिनसुरकुत्यांची, तरुणपणीही नव्हतीस अशी. तुझ्याच दारात तुला असं स्कूटरवर बसून जायला निघालेलं बघताना माझा हात आपोआप वर झाला. कुणाला केला ते विचारू नकोस.

श्रावणीनं तो पाहिला नाही. ती समोरच्या घराच्या गच्चीकडं बघत होती. मान वाकडी करून, तोंड अर्धवट उघडं. टँकर गेला. स्कूटर हलली तशी तिनं मान आणखी वळवली, मागं, अजून मागं, पडेल इतकी.

‘अगं नीट बस की! काय बघालीस तिकडं?’ आई ओरडली.

‘काय न्हाय,’ ती म्हणाली, आणि बघत राहिली. वळणापर्यंत.

मी उठून फाटकाशी गेलो आणि त्या गच्चीकडं बघितलं. डोळे बारीक करून, बराच वेळ. वाळत घातलेले कपडे होते, एक पाण्याची टाकी होती.

मला काही दिसलं नाही, आक्का.